खोडव्यात पाचट ठेवलं आणि ऊस पिवळा पडला: जमिनीतल्या जिवाणूंचं गणित कुणी समजावून सांगेल का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

वाळवा तालुक्यात आमचा ऊस आहे. फेब्रुवारीत को ८६०३२ जातीची तोडणी झाली आणि बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा ठेवला. आजवर टोळी फडातून बाहेर पडली की संध्याकाळी काडी लागायची. यंदा धाकट्या भावाच्या आग्रहाने पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळलं नाही. यंत्राने कुट्टी केली, बुडखे जमिनीलगत छाटले आणि पाचट कुजवणारं कल्चर पाटाच्या पाण्यातून सोडलं. "याच्याबरोबर युरिया लागत नाही, जिवाणूच सगळं बघतात" असं विकणाऱ्याने सांगितलं, म्हणून युरिया टाकला नाही.

आता एप्रिल संपत आला आणि खोडवा पिवळा दिसतोय. बांधापलीकडे चुलतभावाने पाचट जाळलं, त्याचा हिरवागार आहे. वडील रोज सकाळी तिकडे बोट दाखवतात. मातीच्या पत्रिकेत सामू (पीएच) ८.२, सेंद्रिय कर्ब ०.४८ आणि चुनखडी ११ टक्के आहे. पुढच्या वर्षी काडी लावायची की नाही, हे घरात आत्ताच ठरेल असं दिसतंय. जाणकारांनी सांगावं.

शिवारफेरी
वाचतोय. आमच्याकडेही हाच वाद आहे.

प्रयोगशाळेतून
कृष्णाकाठ, काडी लावू नका. पिवळेपणाची कारणं दोन-तीन असू शकतात. पहिला संशय नत्रावर जातो, म्हणून आधी ते सांगते.

पाचटात साधारण ४२ टक्के कर्ब असतो आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ८० ते १०० च्या घरात जातं. जिवाणूंच्या स्वतःच्या शरीरात हे प्रमाण ८ ला १ च्या आसपास असतं. पाचट खाताना बराचसा कर्ब ते श्वसनात जाळतात आणि उरलेल्यातून शरीर वाढवतात. त्या शरीराला प्रथिनं लागतात, प्रथिनांना नत्र लागतं, आणि पाचटात ते नाही. मग ते जमिनीतलं अमोनियम आणि नायट्रेट उचलतात. मुळांपेक्षा ते कितीतरी लहान, संख्येने अफाट आणि जागेवरच बसलेले असल्यामुळे या शर्यतीत पीक मागे पडतं. गुणोत्तर २५ च्या खाली आलं की गंगा उलटी वाहू लागते. जिवाणू मरतात, एकमेकांना खातात आणि नत्र पुन्हा मोकळं होतं. ते कुठे जात नाही, काही महिने अडकून राहतं एवढंच.

म्हणूनच शिफारस अशी आहे की टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन वापरायचं. हेक्टरी १० टन पाचट धरलं तर ८० किलो युरिया, १०० किलो सुपर आणि १० किलो संवर्धन होतं. तुमच्या विक्रेत्याने यातली पहिली गोष्टच वगळायला सांगितली.

एक प्रश्न: पिवळी पानं कोणती आहेत, खालची जुनी की पोंग्यातली नवी? फोटो टाका.

हिशेबी
ताई, एक शंका. ८ किलो युरियात नत्र ३.७ किलो. टनभर पाचटात कर्ब ४२० किलो. त्यातला एक तृतीयांश जरी जिवाणूंच्या शरीरात गेला तरी १४० किलो कर्ब होतो, आणि ८ ला १ ने त्याला साडेसतरा किलो नत्र लागेल. पाचटातलं स्वतःचं साडेचार-पाच किलो वजा केलं तरी बारा-तेरा किलोंची तूट राहते. मग ३.७ किलोंवर भागतं कसं?

प्रयोगशाळेतून
हिशेबी, आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही सगळं पाचट एकाच दिवशी खायला घातलंत. फडात पाचट पृष्ठभागावर पडलेलं असतं आणि मातीला टेकलेला थरच आधी कुजतो. एका वेळी थोडाच भाग चालू असतो. दुसरं म्हणजे, ही सुरुवात मुख्यतः बुरशा करतात. त्यांच्या शरीरात नत्र जिवाणूंपेक्षा कमी असतं, आणि त्यांचे धागे ते खालच्या मातीतून वर ओढून आणतात. तिसरं, तेच नत्र पुन्हा पुन्हा वापरलं जातं. रोटाव्हेटरने सगळं पाचट मातीत एकजीव केलंत, तर मात्र तुमचं गणित खरं व्हायला लागतं आणि पीक चांगलंच पिवळं पडतं. म्हणून कुट्टी करून सरीत वरच ठेवणं बरं.

बांधावरून
शिरोळ तालुका. पाचट जाळणं मी फार पूर्वी सोडलं. कृष्णाकाठ, पहिल्या खोडव्याला सगळेच घाबरतात. तुमच्या वडिलांना बोल लावू नका, त्यांना हिरवं दिसतंय म्हणून ते बोलतात.

गेल्या हंगामात मी एक करून पाहिलं. जुन्या सुती धोतराचे सारख्या मापाचे तुकडे चारी बाजूंनी शिवून घेतले आणि तीन जागी वीतभर खोल पुरले. एक पाचटाच्या फडात, एक शेजाऱ्याच्या जाळलेल्या फडात, एक आमच्या ओढ्याकडच्या चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या पट्टीत. सगळीकडे ओल होती. दोनेक महिन्यांनी काढले. पाचटाच्या फडातून कापड आलंच नाही, शिवणीचा पॉलिएस्टर दोरा तेवढा चौकोनी आकारात हाताला लागला आणि त्याला पांढरी मुळं गुंतलेली. जाळलेल्या फडातलं कापड जागोजागी भोकं पडलेलं, ओढलं की टरकन फाटायचं. चोपणातलं धुवून पुन्हा वापरता आलं असतं. कापूस म्हणजे नुसता सेल्युलोज, तो खाणारे जिथे आहेत तिथेच तो संपतो. मातीच्या पत्रिकेत हे दिसत नाही.

गच्चीवरली मिरची
बांधावरून काका, हे मी कुंडीतही करून बघणार! वाचनखूण साठवली.

देशी गोठा
एवढं युरिया-सुपर कशाला? एकरी २०० लिटर जीवामृत द्या. १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दर पंधरवड्याला पाण्यातून सोडा आणि वर आच्छादन ठेवा. माझा ऊस या पद्धतीवर चांगला उभा आहे आणि जमीन भुसभुशीत झाली आहे. गांडुळांची विष्ठा सरीभर दिसते.

हिशेबी
देशी गोठा, तुमच्या जमिनीबद्दल शंका नाही, पण नत्राचा हिशेब मांडू या. १० किलो ताज्या शेणात फार तर ५० ग्रॅम नत्र, १० लिटर गोमूत्रात १०० ग्रॅमच्या आसपास, २ किलो बेसनात ६०-६५ ग्रॅम. एकूण पाव किलोच्या आत. सुरू हंगामातल्या उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, म्हणजे एकरी १०० किलो. पंधरवड्याला एकदा दिलं तरी वर्षाकाठी पाच-सहा किलोच होतात.

देशी गोठा
तुम्ही जीवामृताला खत समजून मोजताय. ते खत नाहीच, ते विरजण आहे. घागरभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, तिथे कुणी चमच्यातलं प्रोटीन मोजत नाही.

प्रयोगशाळेतून
विरजणाचा दाखला मलाही आवडतो, पण तो जिथे अडतो तेच नेमकं समजून घ्यायला हवं. विरजण लावण्याआधी आपण दूध तापवून घेतो, म्हणून विरजणातल्या जिवाणूंना मैदान मोकळं मिळतं. माती तापवलेली नसते. ग्रॅमभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू आधीपासून जागा धरून बसलेले असतात आणि बहुतेक वेळ उपाशी असतात. बाहेरून आलेल्यांना तिथे ना जागा मिळते ना अन्न, उलट आदिजीव त्यांनाच खातात. बहुसंख्य पाहुणे काही आठवड्यांत संपतात.

मग देशी गोठा यांच्या शेतात फरक का पडला? माझ्या मते मोठं श्रेय आच्छादनाला जातं. ते रोजचं जेवण आहे. शिवाय गूळ-बेसनाने तिथल्या मूळच्याच जिवाणूंना चालना मिळते. खात्री करायची तर फडात तीन पट्टे ठेवा. एकात जीवामृत आणि आच्छादन, एकात नुसतं आच्छादन, एकात नुसतं जीवामृत. बाकी सगळं सारखं ठेवा.

अपवादही आहेत. ज्या जिवाणूला वनस्पती स्वतः घर देते तो टिकतो. रायझोबियमला कडधान्याच्या मुळावर गाठ मिळते. उसात ॲसिटोबॅक्टर कांडीच्या आत, गोड रसात राहतो. तो मुळात ब्राझीलच्या उसात सापडला. योहाना डोबेराइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. म्हणूनच त्याची बेणेप्रक्रिया करतात. हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात कालवून टिपरी अर्धा तास बुडवायची.

देशी गोठा
तीन पट्ट्यांचं मान्य. पावसाळ्याआधी आखतो आणि निकाल इथेच टाकतो, कसाही आला तरी.

साओ पावलोकर
ब्राझीलचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी इथे साओ पावलो राज्यात इथेनॉल कारखान्यात नोकरीला आहे. पूर्वी इथेही तोडणीआधी फड पेटवायचे. २००२ साली राज्याने टप्प्याटप्प्याने जाळणं बंद करण्याचा कायदा केला, २००७ मध्ये कारखान्यांशी करार करून ती मुदत आणखी अलीकडे आणली. आता बहुतेक तोडणी यंत्राने, हिरव्या उसाची होते आणि पाला जागेवर पडतो. ओल टिकते, तण दबतं. पण पाल्याखाली मुळांतला रस शोषणारा एक तुडतुड्यासारखा किडा फार वाढला. त्यासाठी मेटारायझियम बुरशी फवारतात, तीही मातीतलीच. तेव्हा पाचट ठेवल्यावर फडात फिरून बुडख्याशी वाकून बघत राहा. थंडीत थर जाड असला तर फुटवाही उशिरा येतो.

बांधावरून
बरोबर. म्हणूनच कुट्टी झाल्यावर बुडख्यांवरचं पाचट हाताने बाजूला सारतात. कोंब फुटतो त्या डोळ्याला ऊन लागलं पाहिजे.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. पण एका गोष्टीचं उत्तर कुणी दिलं नाही. चुलतभावाचा जाळलेला फड हिरवा का? आग लावून त्याच्या जमिनीतले जिवाणू मेले असतील ना?

प्रयोगशाळेतून
मेले, आणि तेच कारण आहे. वरच्या एक-दोन सेंटिमीटर थरातले जिवाणू भाजले की त्यांच्या पेशी फुटतात आणि आतलं नत्र अमोनियम होऊन पिकाला मिळतं. शिवाय काळी उघडी जमीन लवकर तापते, म्हणून कोंब लवकर वर येतात. राखेतलं पालाश ताबडतोब लागू पडतं. या सगळ्यामुळे पहिले दोन-तीन महिने जाळलेला फड उजवाच दिसतो.

त्याची किंमत अशी: हेक्टरी १० टन पाचटात ४५ किलोंच्या आसपास नत्र असतं, म्हणजे युरियाची दोन पोती. ते जवळजवळ सगळं धुरात जातं. चार टनांहून अधिक कर्बही जातो, म्हणजे जिवाणूंचं वर्षभराचं अन्न. तुलना करायची तर ऑगस्टमध्ये करा.

गच्चीवरली मिरची
थोडं अवांतर. माझ्या घरच्या कंपोस्टच्या ड्रमला नाकात झोंबणारा वास येतोय. ठाण्यात फ्लॅट आहे, शेजारी बोलायला लागलेत. काय करू?

शिवारफेरी
झोंबणारा वास म्हणजे अमोनिया. वर जे गुणोत्तर चाललंय तेच तुमच्याकडे उलटं झालंय. भाजीची देठं आणि खरकटं यात नत्र जास्त, कर्ब कमी, म्हणून जिवाणूंना नकोसं झालेलं नत्र हवेत जातंय. सुका पालापाचोळा, नारळाचा काथ्या, पुठ्ठ्याचे तुकडे मिसळा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडतेय असं समजा, उलटसुलट करा.

गच्चीवरली मिरची
धन्यवाद! आणि पहिल्या पावसाचा वास? तोही जिवाणूंचाच ना?

पिंपरीकर
हो. त्यातला मातकट वास जिओस्मिनचा असतो आणि तो बनवण्यात स्ट्रेप्टोमायसिस गटाचे जिवाणू पुढे. याच गटातल्या एका मातीतल्या जिवाणूपासून १९४३ मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं. क्षयाला ते पहिलं खरं औषध. आमच्या पिंपरीचाही यात वाटा आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात मातीतून वेगळ्या केलेल्या अशाच एका जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक निघालं, आणि त्या जिवाणूला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं नाव दिलं. त्याच कारखान्यातलं ऑरिओफंजिन पिकांवरच्या बुरशीवरही वापरलं गेलं. मला हे कळलं तेव्हा फार अभिमान वाटला. गावाचं नाव जिवाणूला!

शिवारफेरी
वा, हे माहीतच नव्हतं.

हिशेबी
परत सेंद्रिय कर्बाकडे. ०.४८ वरून ०.५८ करायला किती वर्षं लागतील? हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये ढोबळमानाने २० लाख किलो माती. ०.१ टक्का म्हणजे २,००० किलो कर्ब. १० टन पाचटात ४,२०० किलो कर्ब आहे, पण आपल्या उन्हात वर्षअखेर त्यातला सहावा हिस्सा टिकला तरी खूप, म्हणजे सातशे किलो. त्यात जुना कर्बही झिजत असतो. तीन-चार खोडवे सलग पाचट ठेवल्याशिवाय पत्रिकेवर फरक दिसायचा नाही. एका बाटलीत कर्ब वाढवून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला हे गणित विचारा.

प्रयोगशाळेतून
अगदी बरोबर. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला ब्रॉडबॉक नावाचं गव्हाचं शेत आहे, तिथला प्रयोग १८४३ पासून चालू आहे. ज्या पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत जातं, तिथला कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त झाला, पण त्याला शंभरावर वर्षं गेली. आणि तिथली हवा थंड, कुजणं मंद.

पण पत्रिकेवरचा आकडा हलण्याआधी जिवंत भाग हलतो. सेंद्रिय कर्बाच्या चाचणीत आम्ही माती डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिडने जाळून कर्ब मोजतो. त्यात मेलेलं, कुजलेलं, मुळाचे तुकडे, सगळं एकत्र येतं. जिवंत जिवाणूंचा कर्ब त्यात दोन-तीन टक्केच असतो. तो किती काम करतोय हे बघायचं तर डिहायड्रोजनेजसारख्या विकरांची क्रिया मोजतात. मातीत टीटीसी नावाचं रंगहीन द्रव्य घालून नळी दिवसभर उबेत ठेवायची. जिवाणू श्वसन करत असतील तर त्या द्रव्याचं लाल फॉर्मझान होतं. पाचटाखालच्या मातीची नळी गडद लाल आणि चोपणातली फिकट गुलाबी, अशा दोन नळ्या शेजारी ठेवल्या की शेतकऱ्याला एक शब्द सांगावा लागत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक आहेत, पण यातलं एकही नाही. माझं मत विचाराल तर एक तरी जैविक चाचणी त्यात यायलाच हवी.

आणखी एक. मातीत जो कर्ब पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, त्यातला फार मोठा भाग थेट पाचटाचा नसतो. तो मेलेल्या जिवाणूंच्या आणि बुरशांच्या शरीरांचा असतो, मातीच्या चिकणकणांना चिकटून बसलेला. आपल्या काळ्या मातीत चिकणकण भरपूर, म्हणजे साठवायची जागा आहे. जिवाणू वाढू दिले तर ती भरेल.

बांधावरून
आमच्या चोपणात तेही होत नाही ताई. जादा पाणी देऊन देऊन मीठ वर आलं. निचऱ्याचे सच्छिद्र पाईप टाकल्यावर आता कुठे ताग उगवतो.

प्रयोगशाळेतून
काका, तिथे आधी हवा, मग बाकी सगळं. माती तुंबली की प्राणवायू संपतो आणि काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरू लागतात. तुम्ही टाकलेला युरिया नायट्रोजन वायू आणि नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो. नायट्रस ऑक्साइड हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींच्या आसपास प्रभावी आहे. खर्च तुमचा आणि नुकसान सगळ्यांचं.

कृष्णाकाठ
फोटो टाकलेत. उशीर झाला, पाण्याची पाळी होती. पहिला पोंग्याचा, दुसरा खालच्या पानांचा, तिसरा पूर्ण प्लॉटचा. पाटाकडच्या सखल भागात पिवळेपणा जास्त, वरच्या बाजूला कमी.

शिवारफेरी
दादा, हे नत्र नाही! केवडा पडलाय, लोह कमी पडतंय.

बांधावरून
केवडाच. शिरा हिरव्या आणि मधला भाग पांढरट.

प्रयोगशाळेतून
सहमत. नत्र पिकात हलतं, कमी पडलं की ऊस ते जुन्या पानांतून काढून नव्याला देतो, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह हलत नाही, म्हणून नवी पानं पांढरी पडतात आणि जुनी हिरवी राहतात. तुमच्या फोटोत खालची पानं ठीक आहेत. पत्रिकेत लोह किती आहे?

कृष्णाकाठ
३.१ पीपीएम.

प्रयोगशाळेतून
४.५ च्या खाली कमतरता मानतात. तुमची माती बेसाल्टची, एकूण लोह रग्गड आहे, पण ते न विरघळणाऱ्या रूपात. सामू एकने वाढला की विरघळलेलं फेरिक लोह हजार पटींनी कमी होतं. गवतवर्गीय पिकं मुळांतून लोह पकडणारे रेणू सोडून ते ओढून आणतात, पण खोडव्याची नवी मुळं अजून फुटायची आहेत, तो जुन्या मुळांवर जगतोय. आणि इथे पाचटाचा थोडा हात आहे. सखल भागात पाणी साचलं आणि खाली कुजणं जोरात सुरू झालं की कार्बन डायऑक्साइड कोंडतो. तो चुनखडीशी मिळून बायकार्बोनेट तयार करतो आणि लोह आणखी अडतं. चुलतभावाच्या फडात ही ओल आणि हा कोंडमारा नाही.

तेव्हा सखल भागाचं पाणी आधी तोडा, वाफसा येऊ द्या. फेरस सल्फेट अर्धा टक्का, म्हणजे १०० लिटरला ५०० ग्रॅम, सोबत थोडं सायट्रिक ॲसिड. द्रावण तांबूस झालं तर लोहाचं रूप बदललं, ते फवारू नका, ताजं करा. संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. जमिनीतून हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट दहापट शेणखतात आठवडाभर मुरवून द्या. नुसतं टाकलंत तर चुनखडी गिळून टाकेल. आणि युरियाची राहिलेली मात्रा द्याच, नत्राचा ताण आज पानावर नाही म्हणून पुढे येणार नाही असं नाही. एक सरी न फवारता सोडा.

साओ पावलोकर
एक बघून घ्या, एखाद्या बेटात बारीक गवतासारखे पुष्कळ पांढरे फुटवे आहेत का? असतील तर तो गवताळ वाढीचा रोग आहे. त्याला लोह देऊन काही होत नाही, बेट मुळासकट काढावं लागतं.

कृष्णाकाठ
तशी चार-पाच बेटं सापडली, उपटून टाकली. बाकी फवारणी केली. वडिलांनीच पंप मारला.

लातूरकर
मध्येच विचारतो. आमच्याकडे सोयाबीन. जूनला पेरणी. दरवर्षी रायझोबियम लावतो, फरक कळत नाही. लावू की सोडून देऊ?

कृष्णाकाठ
अपडेट: फवारलेल्या सऱ्यांत पोंगा हिरवा झाला. न फवारलेली सरी दोन्हीकडच्या सऱ्यांमध्ये पांढरी उठून दिसते, रस्त्यावरून कळते. वडील त्या सरीजवळ उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. पुढच्या वर्षी पाचट ठेवायचं ठरलं, फक्त सखल पट्टीत चर काढून आणि युरिया-सुपर देऊन. सर्वांचे मनापासून आभार.

बांधावरून
शाब्बास. चर काढायला पावसाळ्याची वाट बघू नका.

प्रयोगशाळेतून
छान झालं! लातूरकर, आता तुमचं. सोयाबीन आपल्याकडचं मूळ पीक नाही, त्यामुळे सुरुवातीला जमिनीत त्याचा जोडीदार जिवाणू नव्हताच आणि बीजप्रक्रियेचा फरक ठळक दिसायचा. वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या शेतात तो वस्तीला राहिलेला असतो, म्हणून फरक कमी दिसतो. अंदाज करू नका, उकरून बघा. फुलोऱ्याच्या सुमारास पाच-सहा ठिकाणची झाडं कुदळीने मातीसकट उचला, उपटू नका, गाठी तुटतात. गाठ नखाने कापा. आत रक्तासारखी लालसर-गुलाबी असेल तर नत्र बांधण्याचं काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, ते प्राणवायूला आवर घालतं, कारण नत्र बांधणारं विकर मोकळ्या प्राणवायूने खराब होतं. आत पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ निकामी.

लातूरकर
ताई, आम्ही बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियम एकत्रच कालवतो. चालतं का?

प्रयोगशाळेतून
नाही. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी रायझोबियम. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. पाकिटावर तुकडी क्रमांक आणि वापराची मुदत बघा. भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी जिवाणू असणं नियमाने बंधनकारक आहे, पण पत्र्याच्या शेडमध्ये मे महिना काढलेल्या पाकिटात तेवढे उरत नाहीत.

लातूरकर
मग घ्यायचं कुठून?

शिवारफेरी
परभणीच्या कृषी विद्यापीठात जिवाणू खतं मिळतात. पेरणीच्या तोंडावर गर्दी होते, थोडं आधी जा. येताना पाकिटं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा, गाडीच्या डिकीत ठेवू नका.